आठ महिन्यांच्या वापरानंतर: पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याच्या पाठीमागचे खटके

सांगलीच्या गावभागातील आमच्या छोट्या सभागृहात दीडशे माणसे बसतात आणि कीर्तन, भजन, व्याख्यान, अधूनमधून ख्यालाची बैठक असे कार्यक्रम होतात. तेथील ध्वनियंत्रणा मी सांभाळतो. जुना अ‍ॅम्प्लिफायर निकामी झाल्यावर आम्ही ८ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेच्या अवरोधाचे माप) स्पीकरला प्रत्येक चॅनलमागे ५०० वॅट देणारा, दोन चॅनलचा नवा अ‍ॅम्प्लिफायर घेतला. त्याला आता आठ महिने झाले. मॉडेलचे नाव येथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे ते या वर्गातील बहुतेक यंत्रांना लागू पडते: यंत्र कसे वाजेल हे पुढच्या दोन मोठ्या नॉबपेक्षा पाठीमागचे छोटे खटके अधिक ठरवतात, आणि तिकडे सहसा कोणी पाहत नाही.

पुढचे नॉब पाहून सर्वांचा असा समज होतो की नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे यंत्र अर्ध्या ताकदीने चालते. प्रत्यक्षात हे नॉब आत येणारा सिग्नल फक्त कमी करतात. मिक्सरकडून (माईकचे आवाज एकत्र करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राकडून) पुरेसा जोरदार सिग्नल आला, तर अर्ध्यावरच्या नॉबवरही यंत्र पूर्ण वॅट देते. त्यामुळे ‘नॉब कमी आहे, स्पीकरला धोका नाही’ या भरवशावर कोणी राहू नये.

खरा प्रश्न इनपुट सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे पूर्ण ताकद गाठायला यंत्राला आत किती सिग्नल लागतो याचा आहे. आमच्या यंत्राच्या पाठीमागे तीन जागांवर सरकणारा एक खटका आहे: ०.७७५ व्होल्ट, १.४ व्होल्ट आणि २६ डीबी (डेसिबल). पहिल्या दोन जागा पूर्ण ताकदीला लागणारा सिग्नल सांगतात, तिसरी सिग्नल किती वाढतो ते सांगते. ८ ओहमला ५०० वॅट म्हणजे सुमारे ६३ व्होल्ट. पहिल्या जागी ०.७७५ व्होल्टच्या सिग्नलवरच यंत्र तेथवर पोहोचते, म्हणजे सिग्नल सुमारे ८२ पट वाढतो. २६ डीबीच्या जागी तो केवळ २० पट वाढतो आणि पूर्ण ताकदीसाठी मिक्सरकडून ३ व्होल्टांहून थोडे अधिक यावे लागते. यंत्र बसवून देणाऱ्या कारागिराने खटका पहिल्या जागी ठेवला होता आणि पहिले दोन महिने आम्ही तसेच चालवले. कीर्तनात कोणाला काही जाणवले नाही, कारण टाळ-मृदंगाच्या गजरात बारीक सरसर ऐकू येत नाही.

ती ऐकू आली बैठकीत. साथीसाठी मिरजेहून दोन तंबोरे आले होते. तंबोरे लागले, माईक सुरू झाला, आणि तंबोऱ्यावर बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी तार छेडून क्षणभर कान स्पीकरकडे लावला आणि मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारले, “आवाज येतोय हो, पण जवारी कुठं गेली?” घोडीवरच्या दोऱ्याच्या आधाराने तारेतून जी बारीक झणझण उमटते, ती जवारी. ती उंच स्वरकंपनांची असते, आणि नेमकी तीच स्पीकरमधून येणाऱ्या अखंड सरसरीत बुडाली होती. मिक्सरच्या आउटपुटमध्ये स्वतःची थोडी सरसर असतेच. आम्ही मिक्सरचा मुख्य फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) अगदी खाली ठेवून अ‍ॅम्प्लिफायरकडून ८२ पट वाढ घेत होतो, म्हणजे सिग्नल दुबळा ठेवून सरसर मोठी करत होतो.

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद करून खटका २६ डीबीवर नेला, नॉब पूर्वीसारखेच पूर्ण उघडे ठेवले आणि मिक्सरचे मीटर शून्याच्या आसपास राहील इतका फेडर वर घेतला. श्रोत्यांना ऐकू येणारा आवाज पूर्वीइतकाच राहिला, पण मिक्सरची सरसर सुमारे १२ डीबीने, म्हणजे व्होल्टेजच्या हिशेबात चौपट कमी झाली. आमच्या मिक्सरवर मीटरचे शून्य म्हणजे १.२३ व्होल्ट, तेथून यंत्राची मर्यादा गाठेपर्यंत ८ डीबी मोकळे राहतात आणि मृदंगाची अचानक पडलेली मोठी थाप त्यात सामावते. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा: यामुळे माईकची शिट्टी कमी होत नाही. एकूण वाढ तेवढीच राहते. शिट्टीसाठी माईक आणि स्पीकरच्या जागाच बदलाव्या लागतात.

स्टीरिओ, पॅरलल आणि ब्रिज या मोडच्या खटक्याबद्दल थोडक्यात सांगतो. भाषण आणि कीर्तनाला पॅरलल उत्तम, कारण एकाच केबलचा सिग्नल दोन्ही चॅनलना मिळतो आणि दोन्ही नॉब स्वतंत्र राहतात. ब्रिजच्या वाटेला आम्ही जात नाही. ब्रिजमध्ये दोन्ही चॅनल मिळून एकच स्पीकर चालवतात आणि प्रत्येक चॅनलला त्या स्पीकरचा अवरोध अर्धाच भासतो. ४ ओहमचा स्पीकर त्याला २ ओहमसारखा वाटतो, आणि आमचे यंत्र चॅनलमागे ४ ओहमच्या खाली चालवायचे नाही. कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून त्या खटक्यावर मी चिकटपट्टी लावली आहे.

खालचे स्वर कापणारा फिल्टर आम्ही ५० हर्ट्झवर ठेवतो. आमच्या बारा इंची स्पीकरमधून त्याखाली ऐकण्याजोगे फारसे काही निघत नाही; मंचावर पाय आपटल्याचे धक्के मात्र शंकूला उगाच हलवतात. सिग्नल मर्यादेबाहेर जाऊ लागला की तो दाबणारा लिमिटर कायम चालू असतो. तरीही यंत्राची मर्यादा ओलांडल्याचे दाखवणारा लाल क्लिप दिवा सतत पेटत असेल, तर लिमिटरवर विसंबू नये. तो थापेवर क्षणभर लुकलुकला तर चालते. पेटून राहिला तर आवाज फाटू लागतो, लाटेचे माथे सपाट होतात, सरासरी वॅट वाढतात आणि सर्वांत आधी ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) जळतो.

गुणगुणीचा अनुभवही नोंदवतो. आमचा मिक्सर सभागृहाच्या मागच्या बाजूच्या प्लगवर आणि अ‍ॅम्प्लिफायर मंचाजवळच्या प्लगवर चालतो. व्याख्यानाच्या वेळी या दोन अर्थिंगमधून ५० हर्ट्झची जाड गुणगुण येत असे. दोन्हीकडे एक्सएलआरची (तीन पिनांच्या जोडाची) बॅलन्स्ड केबल, जिच्यात सिग्नल दोन तारांतून जातो आणि बाहेरची गुणगुण कटते, घातल्यावर ती बरीच घटली आणि सिग्नलच्या बाजूची अर्थिंग तोडणारा ग्राउंड लिफ्टचा खटका उचलल्यावर पूर्ण गेली. काही मंडपवाले अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. तसे कोणीही, कधीही करू नये. यंत्रात बिघाड झाल्यास पेटीला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.

चालू-बंद करण्याचा क्रम आमच्याकडे आता मुलांनाही पाठ आहे: सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. त्यामुळे मिक्सर चालू करतानाचा ‘धप्प’ स्पीकरपर्यंत जातच नाही.

माझ्या तक्रारी दोन आहेत. पाठीमागचे खटके इतके आत बसवले आहेत की पेचकसाच्या टोकानेच ते सरकतात, आणि त्यांवरची अक्षरे काळ्यावर राखाडी असल्याने बॅटरीच्या उजेडाशिवाय वाचता येत नाहीत. दुसरी तक्रार पंख्याची. तो तापमानानुसार वेग घेतो, हे योग्यच आहे. पण विलंबित ख्यालात गायक सम घेऊन थांबला की पंख्याचा घरघराट पहिल्या ओळीपर्यंत पोहोचत असे. म्हणून यंत्राचा रॅक शेजारच्या खोलीत नेला आणि २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वीस मीटर केबलने स्पीकर जोडले. जाऊन-येऊन चाळीस मीटरचा अवरोध ०.२८ ओहमच्या आसपास येतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो चालून जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुराची आठवण गावभागात कोणी विसरलेले नाही, म्हणून त्या खोलीतही रॅक माळ्यावरच ठेवला आहे. दर महिन्याला शिडी लावून पंख्याची जाळी ब्रशने साफ करतो. मागच्या वेळी जाळीवर अबीर आणि धुळीचा बोटभर थर निघाला. तो काढल्यावर त्याच रात्रीच्या भजनात पंख्याने वरचा वेग एकदाही घेतला नाही.