दुकानाची जुनी वेबसाइट: दुरुस्त करायची, नवी बांधायची, की गूगल-व्हॉट्सॲपवर भागवायचं?

वेबसाइटवरून चौकशी येत नाही असं लक्षात आलं की दुकानदारापुढे तीन सल्ले येतात. कुणी म्हणतं, आहे तीच साइट नीट करून घ्या. कुणी म्हणतं, ती काढून टाका आणि विक्स किंवा शॉपिफायसारख्या तयार सेवेवर नवी उभी करा. आणि कुणी म्हणतं, वेबसाइट हवीच कशाला? गूगलवर दुकान दिसतं, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, झालं. तिन्ही सल्ले कुठे ना कुठे बरोबर ठरतात. हा आढावा मुंबईतल्या छोट्या व्यवसायांसाठी आहे: फराळ-मसाले, साड्या, क्लासेस, दवाखाना, छापखाना, इलेक्ट्रिकल दुरुस्ती. काम करणारी माणसं मोजकी, आणि वेबसाइटसाठी वेगळा माणूस नाही.

आमचं मत आधीच सांगतो. साइट चालू असेल आणि डोमेन, म्हणजे साइटचा नोंदवलेला पत्ता, तुमच्या नावावर असेल, तर आधी दुरुस्ती. कारण बिघाड बहुधा रचनेत नसतोच. तो अवजड फोटोंत, न लागणाऱ्या फोन नंबरात, अर्धवट पत्त्यात आणि वाटेत हरवणाऱ्या मेलमध्ये असतो. हेच सगळं उचलून नव्या साइटवर ठेवलं, तर पैसे जातात आणि चौकशी तेवढीच राहते.

| | जुनी दुरुस्त | तयार सेवेवर नवी | फक्त गूगल-व्हॉट्सॲप |
|---|---|---|---|
| लागणारा वेळ | दोन-तीन दिवसांचं काम | तीन-चार आठवडे, माल जास्त असेल तर अधिक | एक दिवस, शिवाय पडताळणीची वाट |
| चालू खर्च | डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) | दरमहा किंवा दरसाल भाडं, डोमेन | नाही |
| ताबा | तुमचा | मजकूर तुमचा, ढाचा सेवेचा | कंपनीच्या नियमांवर |
| मोठा धोका | जुने प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) | जुन्या लिंक तुटणं | प्रोफाइल निलंबित होणं |

पहिला मार्ग: दुरुस्ती

सुरुवात फोनवरून करा. दुकानातलं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, खासगी विंडोत साइट उघडा. तुमचं गिऱ्हाईक ती अशीच बघतं, चालत्या लोकलमध्ये नेटवर्क येत-जात असताना. मग गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर पत्ता टाका आणि मोबाइलचाच निकाल वाचा. तीन आकडे महत्त्वाचे: पानावरचा सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर पानाने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यावा, आणि मजकूर जागेवरून सरकण्याचं माप ०.१ च्या आत असावं. छोट्या साइटना पुरेशा भेटी मिळत नसल्यामुळे खऱ्या वापराचे आकडे मिळत नाहीत, फक्त चाचणीचा गुण मिळतो आणि तो दर वेळी थोडा बदलतो. तीनदा चालवून मधला धरा. १०० पैकी १०० च्या मागे लागू नका. त्यात डेव्हलपरचे तास जातात आणि विक्रीत फरक पडत नाही.

सर्वांत जास्त फायदा फोटोंतून मिळतो. फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, साधारण तीन ते पाच एमबीचा असतो. तो तसाच चढवला आणि असे पाच फोटो पहिल्या पानावरच्या सरकत्या पट्टीत बसवले, की पंधरा-वीस एमबी झाले. प्रत्येक फोटो रुंदीला १२०० पिक्सेल करा, वेबपी या वेबसाठीच्या हलक्या फाइल-प्रकारात, गुणवत्ता ७५ च्या आसपास ठेवून साठवा. स्क्वूश हे गूगलचं मोफत साधन ब्राउझरमध्येच हे काम करतं. बहुतेक फोटो १०० ते २०० केबीत बसतात आणि फोनवर फरक कळत नाही. साडीच्या काठाचा किंवा दागिन्याचा बारकावा दाखवायचा असेल तर तेवढाच वेगळा मोठा फोटो द्या, तोही दाबल्यावर उघडणारा.

सरकती पट्टी काढून एकच चांगला फोटो ठेवा. इथे एक चूक नेहमी होते: पान हळू आहे म्हणून सगळ्या फोटोंना 'नंतर उतरव' अशी सूचना लावली जाते. खालच्या फोटोंना ती योग्यच, पण सर्वांत वरच्या फोटोला लावली तर तोच उशिरा येतो आणि आकडा आणखी बिघडतो. प्रत्येक फोटोची रुंदी-उंचीही कोडमध्ये लिहिलेली हवी. नाहीतर फोटो उतरताच खालचा मजकूर ढकलला जातो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

दुसरं काम संपर्काचं. फोन नंबर चित्रात असेल तर तो दाबून फोन लागत नाही. तो अक्षरांत लिहून त्याला फोन लावणारी लिंक द्या, आणि लिंकमध्ये पूर्ण नंबर हवा: मोबाइलला +९१, लँडलाइनला +९१ नंतर २२. नुसता ०२२ दिला तर परदेशातून दिवाळीचा फराळ मागवणाऱ्याचा फोन लागणार नाही. व्हॉट्सॲपच्या थेट लिंकला मात्र अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळी जागा काहीच चालत नाही. ९१ आणि पुढे सलग दहा अंक. लिंकमध्येच 'मला चकलीचे दर हवे आहेत' असा संदेश भरून ठेवता येतो. त्याचा दुकानदाराला मोठा उपयोग, कारण चौकशी कोणत्या पानावरून आली ते संदेशावरूनच कळतं.

फॉर्म स्वतः भरून बघा. पडद्यावर 'धन्यवाद' येतं आणि मेल येतच नाही, हा दोष महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. कारण साधं आहे. फॉर्म गिऱ्हाइकाचाच ईमेल पत्ता 'पाठवणारा' म्हणून लावतो आणि होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल सोडतो. घेणाऱ्या मेलसेवेला हे बनावट वाटतं. मेल स्पॅममध्ये जातो किंवा अडवला जातो. उपाय: एसएमटीपी प्लगइन (मेल खऱ्या मेलखात्यातून पाठवणारं) बसवा, पाठवणारा पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'उत्तर कुणाला' या रकान्यात घाला आणि डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावाने मेल कुठून जाऊ शकतो हे सांगणारी नोंद, लावून घ्या.

पत्ता मुंबईचा आहे, तेव्हा तो मुंबईसारखाच लिहा. नुसतं 'दादर' पुरत नाही. पूर्व की पश्चिम, कोणत्या पुलाने उतरायचं, जवळची खूण कोणती, पिनकोड, साप्ताहिक सुट्टी. चुकीच्या बाजूला उतरलेलं गिऱ्हाईक संध्याकाळच्या गर्दीत पूल ओलांडून परत येईलच असं नाही. गिरगाव-काळबादेवीच्या दुकानांनी हे लगेच बघावं. मेट्रो ३ ची गिरगाव आणि काळबादेवी स्थानकं ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली; साइटवर अजून 'चर्नी रोडपासून चालत' एवढंच असेल तर ती ओळ अपुरी आहे.

मराठी मजकुराकडे डेव्हलपर सहसा बघतच नाहीत, म्हणून तुम्ही बघा. दुकानाचं माहितीपत्रक छापखान्यात श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप झालेलं असतं. तो मजकूर उचलून साइटवर टाकला की निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. मग त्यावर तोडगा म्हणून त्याचं चित्र करून टाकतात, आणि मराठीत शोधणाऱ्याला ते पान सापडण्याचा आधारच जातो. सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर वाचता येणाऱ्या देवनागरीत, पुन्हा टाइप करा. फॉन्टसाठी मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्ता किंवा बलू गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. देवनागरी फॉन्टची फाइल जड असते, म्हणून साधी आणि ठळक अशा दोनच जाडी घ्या. ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ पटीच्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना टेकतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवलेली नसेल तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. दुकानाची पाटी आपण किती काळजीने रंगवून घेतो. तीच काळजी इथेही हवी.

साइट वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीवर असेल, तर उरलं तिचं घर साफ करणं. आधी पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसरीकडे ठेवा, मग अपडेट करा. न वापरलेले प्लगइन नुसते बंद करू नका, काढून टाका. बंद प्लगइनची फाइल सर्व्हरवर राहते आणि तिच्यातली फट उघडीच असते. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिच्या ७.४ आवृत्तीला नोव्हेंबर २०२२ पासून सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये तीच आवृत्ती दिसली तर बदला, पण आधी साइटच्या प्रतीवर चालवून बघा, जुनी थीम (साइटच्या मांडणीचा साचा) कोसळू शकते. सुरक्षा प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं असेल तर ते ९० दिवसांत संपतं आणि आपोआप नवं व्हायला हवं. ते थांबलं की क्रोम पूर्ण पानभर इशारा दाखवतं आणि गिऱ्हाईक तिथूनच परत जातं.

दुसरा मार्ग: नवी साइट

नवी साइट तीन प्रसंगी योग्य. जुनी थीम बंद पडलेली आहे आणि फोनवर ती बसतच नाही. डेव्हलपर गायब आहे आणि लॉगिन मिळत नाही. किंवा तुम्हाला रोजच्या रोज ऑनलाइन माल विकायचा आहे आणि साठा, कुरिअर, पावती एकाच जागी हवी आहे.

तिसऱ्या प्रसंगात शॉपिफाय सोयीचं आहे, फक्त हिशेब आधी मांडा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, म्हणून बाहेरचं गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा, जोडावं लागतं. गेटवेचा दर साधारण २ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. बेसिक योजनेत बाहेरच्या गेटवेसाठी शॉपिफाय आणखी २ टक्के घेतं. म्हणजे १००० रुपयांच्या ऑर्डरवर २३.६० आणि वर २०, मिळून ४३.६० रुपये, महिन्याचं भाडं वेगळंच. पापड-लोणच्यासारख्या कमी नफ्याच्या मालाला हे झेपत नाही. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डर असतील तर व्हॉट्सॲपवर ऑर्डर आणि यूपीआयचा क्यूआर हेच बरं.

गेटवे घ्यायचंच ठरवलं तर परतावा, पाठवणी, गोपनीयता आणि अटी अशी पानं तयार ठेवा. ती नसली की अर्ज अडकतो. ऑनलाइन विक्रीला ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियमही लागू होतात: तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. छोट्या दुकानात हा अधिकारी म्हणजे मालकच.

विक्ससारख्या सेवेवर पान मांडणं सोपं असतं, पण तयार झालेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. सोडायची वेळ आली तर पुन्हा पहिल्यापासून. आणि कुठेही जा, जुन्या प्रत्येक पानाचा पत्ता नव्या पानाकडे कायमचा वळवून घ्या. याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. हे राहिलं तर गूगलवर जमलेली ओळख पुसली जाते. आधी जुन्या पानांची यादी, समोर नवा पत्ता, मगच साइट बदला.

तिसरा मार्ग: गूगल प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप

घरून काम करणाऱ्यांसाठी हा मार्ग पुरेसा आहे. गूगल प्रोफाइल मोफत आहे. घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, पाटी आणि आतलं सामान एका सलग चित्रणात दिसावं. नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावात 'दादरमधील स्वस्त आणि उत्तम' अशी भर घातली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवण्यात सणाचा हंगाम निघून जातो. गणपती-दिवाळीच्या वेळा 'विशेष वेळा' म्हणून भरा. जुन्या जागेचं दुसरं प्रोफाइल उरलं असेल तर बंद करा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू मावतात. पण एकच संदेश अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच, आणि संदेश पोचतो तो तुमचा नंबर फोनमध्ये जतन केलेल्यांनाच. नवं गिऱ्हाईक यातून फारसं येत नाही, जुनं टिकतं.

यावरच विसंबणं का धोक्याचं, त्याचं उदाहरण ताजं आहे. गूगल प्रोफाइलमधून फुकट बनणाऱ्या छोट्या वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डवर आणि पिशव्यांवर छापला होता, त्यांच्याकडे वळवायलाही काही उरलं नाही. स्वतःचं डोमेन असतं तर छापील पत्ता तोच राहिला असता. म्हणून या मार्गाने जाणाऱ्यांनीही एक डोमेन घेऊन ठेवावं आणि सध्या ते गूगल प्रोफाइलकडे वळवावं.

कामाला हात लावण्याआधी

डोमेनची नोंद कुणाच्या नावावर, कुणाच्या ईमेलवर आणि कधीपर्यंत आहे ते तपासा. डेव्हलपरच्या नावावर असेल तर इतर सगळं थांबवून ती आधी बदलून घ्या. डेव्हलपरशी बिनसल्यावर हे अवघड होतं. होस्टिंग, वर्डप्रेस आणि गूगल प्रोफाइल या तिन्हींत 'मालक' म्हणून तुमचा ईमेल हवा, डेव्हलपर फक्त 'व्यवस्थापक'. दिवाळी किंवा लग्नसराईचा माल असेल तर साइट हलवण्याचं काम हंगामाच्या किमान सहा आठवडे आधी संपवा. हंगामात हात लावायचा तो फक्त दरांना, फोटोंना आणि दुकानाच्या वेळांना.