‘काकू, आमची गाडी येऊन घेऊन जाईल’

घरात पिणारा तरुण मुलगा असला की आईबापांना गिऱ्हाईक करणारे बरोबर हुडकून काढतात. ‘जवळचे व्यसनमुक्ती केंद्र’ असं शोधून एका फॉर्ममध्ये नंबर भरला, तर पाच मिनिटांत फोन. बोलणारी बाई फार गोड. “काकू, तो तयार नसला तरी चालेल. आमची गाडी येऊन घेऊन जाईल.”

आमचा मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, नोकरी गेलेली, सकाळी उठला की हात थरथरायचे आणि पहिला घोट पोटात गेल्याशिवाय थांबायचे नाहीत. अशा घराला हे वाक्य देवासारखं वाटतं. महिन्याचे २५ हजार, गाडीचे ६ हजार वेगळे, औषधांचे आणखी. रात्री चार जण आले आणि हातपाय धरून त्याला जिन्यावरून खाली नेलं. आमच्याकडून सही घेतली ती ‘पालकांच्या जबाबदारीवर दाखल’ अशा कागदावर.

पहिला महिना भेट नाही, फोन नाही. “इमोशनल होतो, ट्रीटमेंट बिघडते.” त्याऐवजी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट: पोटभर जेवला, योगा केला, ग्रुपमध्ये छान बोलला. एक दिवस रिपोर्ट आला, “मॅडम, आज तुमच्या मिस्टरांचं बीपी नॉर्मल आहे, घरची आठवण काढत होते.” माझे मिस्टर तेव्हा समोर बसून पेपर वाचत होते. विचारलं तर मेसेज डिलीट, आणि संध्याकाळी फोन: केस क्रिटिकल आहे, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, एकदम भरलंत तर सूट.

आम्ही न कळवता जाऊन थडकलो. हायवेपासून आत भाड्याचा बंगला, खिडक्यांना पत्रे ठोकलेले, दोन खोल्यांत तीसेक माणसं. पाटीवर डॉक्टरांचं नाव होतं, मुलानं त्यांना एकदाही पाहिलं नव्हतं. गोळ्या वाटायचा तो एक जुना पेशंट, मारायचाही तोच. सुरुवातीला मुलाला भास झाले, रात्रभर अंगावरच्या नसलेल्या मुंग्या झटकत होता. नाटकं करतो म्हणून त्याला खिडकीच्या गजाला बांधलं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावतोही. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे असतात.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. सज्ञान माणसाला नुसत्या आईबापांच्या सहीवर उचलून नेता येत नाही. त्याच्या मर्जीविना दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे हवी. आमच्या पावतीवर ‘ट्रस्ट रजि.’ म्हणून एक नंबर होता. तसला नंबर धर्मादाय आयुक्तांकडून भजनी मंडळालाही मिळतो! फोनवरच प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक मागा, डॉक्टर किती वाजता येतात ते विचारा आणि मुलाशी बोलता येईल का ते विचारा. गाडी पाठवायची घाई तिथेच थंडावते.

मुलाला घरी आणल्यावर त्याच बाईचा पुन्हा फोन. “मग काकू, ड्रॉप्स घ्या ना. चहातून द्यायचे, त्याला कळणारही नाही.” बाटलीत काय आहे हे तिला सांगता येईना. अशा थेंबांत डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असेल आणि वरून दारू पोटात गेली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली. ते औषध पेशंटला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं.

खरी मदत बरीच स्वस्त, काही ठिकाणी फुकट आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याच्या मीटिंगला फी नसते आणि घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं चालतं. आमचा मुलगा आता मीटिंगला जातो. मध्ये गणपतीत घसरला, पुन्हा जायला लागला. तीन महिन्यांत ‘गॅरंटी’ देणाऱ्याला हे घसरणं माहीत नसतं असं नाही, पुढचं पॅकेज तो त्याच्यावरच विकतो.

पैसे परत मागितले तेव्हा तिथला माणूस म्हणाला, “करा की तक्रार. मुलाचं नाव पेपरात येईल. लग्न व्हायचंय ना त्याचं?” यांचा सगळा धंदा याच वाक्यावर चालतो: आईबापांनी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा. पण पेशंटची माहिती किंवा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला याच कायद्यानं मनाई आहे. आम्ही बँकेच्या नोंदी, पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे रिपोर्ट आणि मुलाच्या मनगटावरच्या वळांचे फोटो जोडून पोलिसांत आणि प्राधिकरणाकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार दिली आहे. पोच घेतली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.