रत्नागिरीसमोरचं गाळाचं खोरं पुन्हा वाचायचंय: परावर्तन घ्यावं की अपवर्तन?

प्रबंधासाठी भूकंपीय लहरींचा डेटा निवडताय म्हणून माझं मत आधीच सांगतो. परावर्तनात थरांवर आपटून परतलेल्या लहरी मोजतात, अपवर्तनात थरांतून वळून दूर निघालेल्या. डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे बेसॉल्ट लाव्ह्याच्या थरांच्या, वरचे भ्रंश (खडक सरकलेल्या भेगा) नव्याने मांडायचे असतील, तर परावर्तनाच्या जुन्या टू-डी लाइन्स (एकेका रेषेवरची मापनं) पुरतात. ट्रॅपखाली उतरायचं असेल, तर नुसत्या त्यांच्या भरवशावर जाऊ नका.

कोकणात विहीर खणणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. जांभा निघतो, काळा कातळ लागला की दर बदलतो. समुद्रातही तेच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट बरीचशी ऊर्जा वरच्यावर परतवतो. आत शिरते तीही लाव्ह्याच्या थरांत विखुरते. वरचा, ट्रॅपनंतर साचलेला टर्शरी गाळ मात्र सेक्शनवर, म्हणजे या लहरींतून काढलेल्या उभ्या छेदावर, छान उमटतो. 1974 साली सापडलेल्या मुंबई हायचं मुख्य तेलही ट्रॅपच्या वर, मायोसीन चुनखडकातच आहे.

मी इथेच एकदा तोंडावर आपटलोय. ट्रॅपचा माथा 1.2 सेकंदांवर (लहर जाऊन परतायचा वेळ) ठळक होता आणि 2.4 वर एक फिकट पट्टा. तो मी मेसोझोइक, म्हणजे ट्रॅपआधीचा, गाळ म्हणून हौसेने रंगवला. वेळ दुप्पट, उतारही दुप्पट: माथ्याचाच मल्टिपल, दोनदा आपटून आलेला प्रतिध्वनी! हल्ली रंगपेन्सिल उचलण्याआधी दुप्पट वेळेची रेघ आखून घेतो. रिप्रोसेसिंगने (डेटावर पुन्हा संगणकी प्रक्रिया करून) मल्टिपल बरेच दबतात, पण त्यासाठी मूळ फील्ड डेटा हवा. कागदी सेक्शन स्कॅन करून ते जमत नाही.

अपवर्तन बेसॉल्टखाली खोलवर पोचतं, पण तेही साळसूद नाही. बेसॉल्टमध्ये लहर सेकंदाला 5 किलोमीटरच्या आसपास धावते. खालच्या गाळात ती मंदावत असेल, तर त्याच्या माथ्यावरून शीर्षलहर (थराच्या माथ्यालगत धावून वर परतणारी, अपवर्तनात मोजतात ती लहर) येतच नाही. थर असून लपतो. गुहागर-चोरोची आणि केळशी-लोणी या जमिनीवरच्या जुन्या प्रोफाइल जोडीला घेणार असाल, तर आधी हे तपासा. कोयनेजवळच्या बोअरमध्ये सुमारे 930 मीटर बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस, म्हणजे तळचा जुना खडक, लागला, मधे गाळ नाहीच. तो निकाल मात्र समुद्रापर्यंत ओढू नका. पनवेल फ्लेक्शरपाशी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या थरांच्या वाकापाशी, लाव्ह्याचे थर पश्चिमेकडे कलतात, तिथून पुढचं गणित वेगळं.

गुरुत्वाकर्षणाचा डेटा स्वस्त पडतो. जोडीला ठेवा, एकट्याने तो काहीही सिद्ध करून देईल.

दोनच वर्षं आणि एकच कंप्युटर असेल, तर परावर्तन घ्या. फक्त प्रबंधाच्या शीर्षकात ‘ट्रॅपखालची रचना’ लिहू नका. व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येतो.