मधुमेह संशोधनासाठी मायक्रोआरएनए किट : वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

प्लाझ्मामधून, म्हणजे रक्तातील पेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवातून, मायक्रोआरएनए वेगळे काढण्याचा एका परदेशी कंपनीचा किट आम्ही मधुमेहाच्या प्रकल्पासाठी वर्षभर वापरत आहोत. प्रथिने न घडवणारे, जेमतेम 22 न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतल्या कड्या) लांबीचे हे आरएनए मोजून मधुमेहाची चाहूल लवकर लागेल का, हा आमचा प्रश्न आहे. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) खोटे वाढलेले दिसू शकते आणि आपल्याकडे पंडुरोग (रक्तक्षय) घरोघरी आहे, त्यामुळे या प्रश्नाचे मोल मला फार वाटते.

किटचे काम चोख आहे. 200 मायक्रोलिटर प्लाझ्मा पुरतो. क्लोरोफॉर्म मिसळून नळी सेंट्रीफ्यूजमधून काढली की खाली गुलाबी द्रव, मध्ये पांढरा पापुद्रा आणि वर निवळ थर दिसतो. पापुद्र्याला पिपेटचे टोक न लागू देता वरचा थर उचलणे, एवढेच हाताला वळण लावावे लागते. शेवटी कॉलममधून (आरएनए धरून ठेवणाऱ्या छोट्या गाळणीतून) 14 मायक्रोलिटर द्रव मिळतो. त्यातला आरएनए इतका थोडा असतो की स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या (प्रकाश किती शोषला यावरून प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या) आकड्यावर विसंबता येत नाही, म्हणून माणसात नसलेला सूत्रकृमीचा एक मायक्रोआरएनए (कृत्रिम सेल-मिर-39) आधीच ठरावीक प्रमाणात घालून तो किती परत मिळाला हे पाहावे लागते. तो मात्र वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि एवढ्या महाग किटमध्ये ही उणीव खटकते.

खरी परीक्षा किट उघडण्याआधीच होऊन गेलेली असते. हिरव्या झाकणाच्या नळीतले, रक्त गोठू न देणारे हेपरिन पुढच्या पीसीआरमध्ये (मायक्रोआरएनएच्या प्रती वाढवून ते मोजण्याच्या पद्धतीत) अडथळा आणते, म्हणून आम्ही जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारे दुसरे रसायन) असलेली नळीच घेतो. रक्त घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातले मिर-451 हे मायक्रोआरएनए प्लाझ्मात उतरते. प्लाझ्मावर किंचित गुलाबी झाक दिसली की तो नमुना आम्ही बाजूला ठेवतो. याहून फसवे प्रकरण मिर-126 या दुसऱ्या मायक्रोआरएनएचे आहे. इटलीतील ब्रुनेकच्या रहिवाशांवरील 2010 च्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहींच्या प्लाझ्मात ते कमी आढळले आणि त्याच्याकडे सर्वांचे लक्ष गेले. पण ते प्लेटलेट्समध्येही भरपूर असते, त्यामुळे प्लाझ्मा दुसऱ्यांदा वेगाने फिरवून प्लेटलेट्स काढल्या नाहीत, तर आपण मधुमेह मोजतो आहोत की सेंट्रीफ्यूजची सवय, हे सांगता येत नाही. आमचे पहिले काही नमुने याच कारणाने बाद करावे लागले. किटच्या पुस्तिकेत याविषयी दोनच ओळी आहेत. तिथे निरनिराळ्या प्रमाणात पेशी फुटलेल्या प्लाझ्माची रंगीत छायाचित्रे छापली असती, तर नवख्या विद्यार्थ्यांचे कितीतरी नमुने वाचले असते.

संशोधनासाठी हा किट मी पुन्हा घेईन. रुग्णाला निदान सांगण्यासाठी मात्र त्यावर विसंबू नये. त्यासाठी उपाशीपोटीची साखर आणि 6.5 टक्क्यांची मर्यादा असलेली एचबीए1सी यांसारख्या चाचण्या आहेत, आणि पंडुरोग असेल तर साखर प्रत्यक्ष मोजावी.