फांदी उतरवायला कोणता दोर, कोणती कप्पी?

मृगाच्या आधी आपल्याकडं गावोगाव एक काम निघतंच: गोठ्याच्या पत्र्यावर नाहीतर माळवदावर आलेली लिंबाची, चिंचेची फांदी काढणं. खाली मोकळं रान असेल तर तोडली की पडू द्यावी. पण खाली पत्रे, पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याची भिंत असेल तर फांदी दोरावर तोलून उतरवावी लागते. घरातला दोर चालेल की नवा घ्यावा, हा प्रश्न तिथं येतो. माझं मत आधीच सांगतो: पैसे मोजके असतील तर ते दोर आणि झाडाला कप्पी बांधायच्या पट्ट्यावर घाला, बाकीचं मागून बघता येतं.

ओल्या लाकडाचं वजन बहुतेक जण कमी धरतात. २० सेंटीमीटर जाडीचा आणि २ मीटर लांबीचा ओंडका साधारण ६० किलो भरतो. जाडी ३० सेंटीमीटर झाली की तेवढ्याच लांबीचा ओंडका १४० किलोच्या आसपास जातो. पाला आणि डहाळ्या वेगळ्या. हेच वजन मीटरभर खाली पडून झटक्यानं दोरावर आलं, तर ताण कैक पटींनी वाढतो. पुढची सगळी निवड या झटक्यासाठी आहे.

अंबाडीचा किंवा घायपाताचा सोल हाताला चांगला, गाठ घट्ट बसते. पण १२ मिलिमीटरचा नवा कोरा सोल साधारण टनाभराला तुटतो, आणि पावसात भिजून आतून कुजला तर वरून कळतही नाही. पाल्याच्या हलक्या डहाळ्या ओढायला तो ठेवावा.

मोंढ्यात सगळ्यात जास्त खपतो तो पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर, म्हणजे पॉलिप्रोपिलीन. स्वस्त, हलका आणि त्याच जाडीत सोलाच्या जवळपास दुप्पट ताकदीचा. तरीही फांदीसाठी मी तो घेणार नाही. तो १६५ अंशांच्या आसपास वितळतो, आणि ओझ्याखाली सालीवरून भर्रकन सरकला की घासणाऱ्या जागी तेवढी उष्णता सहज होते. वापरलेला असा दोर उलगडून बघा: घासलेल्या जागी पीळ चकचकीत, कडक झालेले असतात, नखानं खरवडले तर कोंडा पडतो. शिवाय मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर राहिलेला प्लास्टिकचा दोर लवकर ठिसूळ होतो.

खरी तुलना नायलॉन आणि पॉलिएस्टरची. नायलॉन जास्त ताकदीचा, झटका छान पचवतो, पण त्यासाठी तो रबरासारखा ताणतो. पत्रा दीड मीटरवर असेल तर हाच ताण फांदी पत्र्यावर नेऊन टेकवतो. भिजला की त्याची ताकद दहा-पंधरा टक्के घटते, ते वेगळंच. पॉलिएस्टर कमी ताणतो, पाणी जवळजवळ पीत नाही, ऊन सोसतो आणि वितळतो २५० अंशांच्या वर. माझी निवड पॉलिएस्टर. १२ मिलिमीटरचा दोर २ टनांच्या पुढं तुटतो, पण गाठीत तिसरा हिस्सा, कधी निम्मी ताकद जाते. म्हणून तुटण्याच्या आकड्याचा दहावा भागच कामाचा धरा आणि ओंडके लहान पाडा. दुकानदार सगळ्यालाच नायलॉन म्हणत असेल तर तुकडा बादलीत टाकावा: पॉलिप्रोपिलीन तरंगतो, बाकीचे दोन्ही बुडतात. लांबी झाडावरच्या कप्पीच्या उंचीच्या दुप्पट, वर आठ-दहा मीटर जादा.

आता दोर कशावरून सोडायचा? बेचक्यातून सोडला तर खर्च नाही, आणि घर्षणामुळं खालच्या माणसाला जोर कमी लागतो. पण साल दोर खाते, दोर झाडाची साल सोलतो, आणि झटका बेचका ते फांदी एवढ्याच तुकड्यावर बसतो. कप्पीत हा झटका पूर्ण लांबीवर वाटला जातो. मात्र कप्पी जिथं बांधली तिथं भार जवळपास दुप्पट येतो: एका बाजूला फांदी, दुसऱ्या बाजूला तिला तोलणारा ओढा. ६० किलोचा ओंडका शांत लटकला तरी वर १२० किलो. म्हणून कप्पीचा पट्टा दोरापेक्षा मजबूत हवा.

विहिरीच्या रहाटाची कप्पी इथं नको. तिच्या बाजूंना फट असते, दोर खोबणीतून निसटून त्यात अडकतो. गवंड्यांची आकड्याची कप्पी घमेलं चढवायची, झटक्यात आकडा उघडतो. बाजूनं उघडणारी, किती भार चालतो ते कोरलेली पोलादी कप्पी घ्या. चाक दोराच्या जाडीच्या निदान चौपट, आठपट असेल तर उत्तम. ती बांधायला क्रेनचा पॉलिएस्टर पट्टा; जांभळा सहसा १ टनाचा, हिरवा २ टनांचा, तरी लेबल वाचावं. फास घालून बांधला की त्याचीही ताकद पाचव्या हिश्श्यानं कमी होते, त्यामुळं मी हिरवाच घेईन. जोडायला भार कोरलेलं शॅकल, म्हणजे पिनेनं बंद होणारी पोलादी कडी, पिन पूर्ण आवळून. किल्ल्यांच्या जुडग्याचा कॅराबिनर अजिबात नाही.

खाली दोर हातात धरून कोणी उभं राहू नये, कमरेला तर गुंडाळूच नये. बुंध्याला दोन-तीन वेढे घेतले की मोठा भार दोन हातांत राहतो. वर्षाला एखादंच झाड असेल तर एवढं पुरे. हाच धंदा असेल तर पोर्टारॅप नावाचं वाकवलेल्या पोलादी नळीचं साधन मागवून घ्या. त्यावर वेढे कमी-जास्त करणं सोपं, दोर एकसारखा सुटतो आणि बाभळीच्या खरबरीत सालीवर झिजत नाही.

फांदीजवळून विजेची तार जात असेल तर महावितरणकडून वीज बंद झाल्याशिवाय झाडावर चढू नये. तिथं कुठलाच दोर कामाचा नाही.

मोठा झटका खाल्लेला, चकाकलेला किंवा एखाद्या जागी बारीक झालेला दोर त्याच दिवशी तोडून गुरांची दावी करा, म्हणजे पुढच्या वर्षी चुकूनही कुणी तो फांदीला लावणार नाही.