ग्लोरिया कोट्स यांच्या सिम्फनी: आठ महिने ऐकल्यानंतर

जूनमध्ये पहिल्यांदा ग्लोरिया कोट्स या अमेरिकी संगीतकार बाईंची चौदावी सिम्फनी (सिम्फनी म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) लावली आणि चौथ्या मिनिटाला बंद केली. सगळी तंतुवाद्यं एकत्र, अगदी संथपणे घसरत होती. पायाखालची जमीन हलतेय असं वाटलं आणि भीती वाटली. आज फेब्रुवारी आहे. मधल्या काळात कोट्सबाईंच्या पहिली, चौथी, सातवी, चौदावी आणि पंधरावी अशा पाच सिम्फनी प्रत्येकी पंधरा-वीस वेळा तरी ऐकून झाल्या. मराठीत त्यांच्याबद्दल काहीच वाचायला मिळालं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्लोरिया कोट्स यांचा जन्म 1933 सालचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉसॉ गावचा. 1969 मध्ये त्या जर्मनीत म्युनिकला गेल्या आणि 2023 मध्ये तिथेच वारल्या. 17 सिम्फनी लिहिल्या, तरी पाश्चात्त्य संगीत नेमाने ऐकणाऱ्यांनाही त्यांचं नाव सहसा माहीत नसतं. त्या चित्रंही काढत. अल्बमच्या मुखपृष्ठांवर बहुतेक वेळा त्यांचीच चित्रं दिसतात.

त्यांची ओळख म्हणजे ग्लिसांडो, म्हणजे तारेवर बोट न उचलता सरकवत नेणं. मी लहानपणापासून ख्याल ऐकत आलेय, त्यामुळे मला वाटलं, ही तर आपली मींड! दोन महिने मी तसंच ऐकत राहिले आणि तिथेच चुकले. मींड एका स्वरावरून निघते आणि दुसऱ्यावर पोचते. निषादावरून षड्जाकडे निघालेला आवाज पोचेपर्यंत आपला जीव टांगणीला लागलेला असतो, आणि पोचला की सुटतो. कोट्सबाईंच्या घसरणीला बहुतेक वेळा असं मुक्कामाचं ठिकाणच नसतं. कुठला सूर येणार याची वाट पाहणं मी ऑक्टोबरच्या सुमारास सोडलं, आणि मग एकेक वाद्य किती वेगाने सरकतंय ते ऐकू यायला लागलं. डबल बेस अगदी सावकाश, व्हायोलिन त्याहून लगबगीने, कुणी वर, कुणी खाली. बऱ्याचदा हे सगळं कॅननच्या शिस्तीत असतं: एकाने केलेली हालचाल दुसरा थोड्या अंतराने करतो, मग तिसरा. जूनमध्ये जो गोंधळ वाटला होता, त्यात कमालीची काटेकोर आखणी होती.

पहिली सिम्फनी मला सगळ्यात जवळची. 1973 ची ही रचना 1978 मध्ये पोलंडमधल्या 'वॉर्सा ऑटम' या संगीत महोत्सवात पहिल्यांदा वाजली. तिचं नावच 'म्युझिक ऑन ओपन स्ट्रिंग्ज', म्हणजे मोकळ्या तारांचं संगीत. सुरुवातीला तारा नेहमीच्या सुरांत नसतात, एका चिनी स्वरावलीत लावलेल्या असतात. तिसऱ्या भागात वादक खुंट्या पिळून त्या नेहमीच्या सुरात आणतात, आणि ते लावणं हेच त्या भागाचं संगीत आहे. मैफल सुरू होण्याआधी तंबोरे जुळत असतात तेव्हा मी नेहमीच गप्प होऊन ऐकते. खर्जाची तार जागेवर येते न येते तो क्षण मला पुढच्या बंदिशीइतकाच प्रिय आहे. तो क्षण कुणीतरी सिम्फनीच्या मधोमध ठेवलाय हे कळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

चौदावीत तंतुवाद्यं आणि टिंपनी, म्हणजे सुरात लावलेले मोठे नगारे, एवढंच आहे. हार्मोनियमच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्या निम्म्याने अर्धा वाद्यवृंद वेगळा लावलेला असतो. मला हे माहितीपत्रक वाचून कळलं. आई शेजारच्या खोलीत होती. पाच मिनिटांत बाहेर येऊन म्हणाली, "अगं, यातले अर्धे जण वेगळ्याच पट्टीत बसलेत. मुद्दाम केलंय का?" तिने तरुणपणी दहा वर्षं गाणं शिकलंय. मग आम्ही दोघींनी ती पहिल्यापासून ऐकली. पहिला भाग सप्लाय बेल्चर आणि दुसरा विल्यम बिलिंग्ज या अठराव्या शतकातल्या अमेरिकी रचनाकारांना वाहिलेला आहे. त्या जुन्या प्रार्थनागीतांचे सूर घसरणाऱ्या तारांमधून वर येतात, तेव्हा धुक्यातून देवळाचा कळस दिसावा तसं होतं.

सातवी 1989 मध्ये बर्लिनची भिंत शांततेने पाडणाऱ्यांना अर्पण केलेली आहे. तिच्याशी माझं अजून पूर्ण जमलेलं नाही. आवाजाचा डोंगर अंगावर येतो आणि मी थकते. पंधरावीच्या मधल्या भागात मोझार्टची 1791 सालची 'आवे वेरुम कॉर्पुस' ही छोटी प्रार्थना विणलेली आहे. तो भाग सुंदर आहे, पण ती प्रार्थना आधी नीट ऐकून घ्या, नाहीतर हाती काही लागणार नाही.

फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. खर्जातल्या संथ घसरणी त्यावर ऐकूच येत नाहीत, नुसती वरची किंकाळी उरते. मी पहिल्यांदा घाबरले त्याचं निम्मं कारण हेच होतं. चांगले हेडफोन किंवा मोठे स्पीकर हवेत, आणि आवाज मध्यमच ठेवायचा, कारण सुरुवात हलकी वाटली तरी पुढे तो फार वाढतो. दुसरं काही करता करता ऐकायलाही हे नाही. स्वयंपाक करताना लावून पाहिलं, दहा मिनिटांत जीव कासावीस झाला. घरात कुणी आजारी असेल किंवा मन आधीच अस्वस्थ असेल तर त्या दिवशी राहू द्या.

सुरुवात चौथीच्या पहिल्या भागापासून करा. तिचं नाव 'कियारोस्कुरो', म्हणजे उजेड आणि सावली. त्यात सतराव्या शतकातल्या पर्सेल या इंग्लिश रचनाकाराच्या 'डायडो अँड ईनियस' या ऑपेरातला विलाप आहे. त्या विलापाच्या तळाशी षड्जापासून मंद्र पंचमापर्यंत एकेक पट्टी उतरणारी ओळ आहे: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. ती एकदा म्हणून पाहा, मग लावा. भोवतालचं सगळं सरकत असताना कानाला धरायला काहीतरी असतं.

आता मला दुसरी सिम्फनी लावायची आहे. पण आईला आधी पहिलीतला तो तारा जुळवण्याचा भाग पुन्हा ऐकायचा आहे, तेव्हा या रविवारी तोच.