बदकांचं खुराडं: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

बदकांसाठी घर बांधायचं म्हटलं की लोक घराबद्दलच विचारतात. लाकडी की पत्र्याचं, केवढं, खर्च किती. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, त्यातही जांबोटीच्या भरपूर पावसाच्या बाजूला राहत असाल तर आधी ठरवायचं ते एवढंच, की पाणी कुठून येणार आणि कुठं जाणार. आमच्या परड्यातलं खुराडं उन्हाळ्यात उभं राहिलं. मृगापासून दसऱ्यापर्यंतचा पाऊस त्यानं झेलला, आता थंडी चालू आहे. बदकं पाच, खाकी कॅम्पबेल जातीची: चार माद्या, एक नर. नर एकच पुरे. जास्त झाले की माद्यांच्या मानेवरची पिसं जातात.

झोपायची खोली 5 बाय 4 फूट आणि तिला लागून 12 बाय 8 फुटांचं जाळीचं आवार. एका बदकाला आत साधारण 4 चौरस फूट धरतात, त्या हिशेबानं. बदकं कोंबड्यांसारखी दांडीवर चढून झोपत नाहीत, खालीच बसतात. म्हणून बाजारातली तयार खुराडी, माडी आणि चिमुकलं दार असलेली, दिसायला गोड असली तरी बदकांच्या कामाची नाहीत. चौथरा जांभ्या चिऱ्याचा, फूटभर उंच. वर जुन्या घराची मंगळुरी कौलं. दार 14 इंच रुंद, कारण सकाळी दार उघडलं की रांग वगैरे काही नसते, पाचही एकदम बाहेर पडायला घुसतात. उतरायची फळी लांब आणि कमी चढाची, वर आडव्या पट्ट्या मारलेल्या.

निम्म्याच्या आसपास पैसा गेला जाळीत, आणि त्याबद्दल अजिबात हळहळ नाही. बाजूंना सगळीकडं अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्डिंगनं जोडलेली चौकोनी जाळी आहे. वेल्डरला ते पटतच नव्हतं. "एवढी बारीक जाळी कशाला ओ ताई, बदक काय उंदीर हाय?" बदक नाही, पण रात्री येणारे उंदीर, घुशी आणि साप आहेत की. षटकोनी कोंबडीजाळी बदकाला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्र्यानं दात लावले की ती उसवते. आमच्याकडं दिवसा मुंगूस फिरतं, रात्री उदमांजर, आणि ओढ्याकडून कोल्ह्यांची कुई ऐकू येते. घार म्हणून वरही जाळी, तिथं एक इंची चालली. घेताना एक बघा: तारा जोडल्यावर जस्ताचा मुलामा दिलेली जाळी घ्या. मुलामा आधी देऊन मग जोडलेली स्वस्त पडते, पण आमच्या पावसात पहिला गंज सांध्यांनाच धरतो. आमच्या जाळीचे सांधे अजून स्वच्छ आहेत, फक्त कापलेल्या कडांवर तांबूस दिसायला लागलंय. तिथं रंगाचा हात मारायचाय.

जाळी जमिनीपाशी संपवलेली नाही. बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी वळवून, चार बोटं मातीखाली घालून वर चिरे ठेवलेत. उकरणारं जनावर भिंतीला खेटूनच उकरायला लागतं आणि लगेच जाळीवर येतं. श्रावणात घुशीनं मागच्या अंगाला माती उपसली होती, तेवढ्यावर सोडून दिलं. कडी-कोयंड्यात स्प्रिंगचा हूक अडकवलाय. नुसती कडी माकडं उचलतात.

आता पाण्याचं. बदकाला तळं लागत नाही, पण डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल भांडं लागतं. डोळे आणि नाकपुड्या ती त्यातच धुतात. आणि त्या भांड्याभोवती तासाभरात चिखल होतो, म्हणजे होतोच. म्हणून दोन फूट खोल खड्डा, त्यात मोठे गोटे, वर लोखंडी जाळी आणि तिच्यावर पाण्याचं भांडं. सांडलेलं सगळं खाली मुरतं आणि पुढं केळी-अळवाच्या वाफ्यात जातं. पोहायला अर्धा कापलेला ड्रम आहे, बुडाला नळ बसवलेला. नळ नसता तर ते घाण पाणी रोज उपसत बसले असते. अळू यंदा असा माजलाय की शेजारच्या वैनी विचारून गेल्या, खत कुठलं. आवारात धारदार खडी टाकू नका, तळव्यांना जखमा होऊन गाठी धरतात. जाडी वाळू उत्तम, तिचा भाव विचारू नका.

पावसाळ्याची खरी परीक्षा पाणी वरून पडतं म्हणून नाही, आडवं येतं म्हणून. पश्चिमेकडून झड लागली की कौलं काही करू शकत नाहीत. आषाढात त्या बाजूची पागोळी पत्रा लावून दोन फूट वाढवली, तेव्हा कुठं आत कोरडं राहायला लागलं. मात्र खोली घट्ट बंद करायची नाही. बदकांच्या श्वासाची आणि पातळ शिटेची दमट हवा वरून निघून जायला हवी. छपराखाली दोन्ही बाजूंना सहा इंचाची पट्टी जाळी लावून मोकळी आहे. खाली तूस, वर भाताचं पिंजर. जुलैत वरचा थर रोज बदलावा लागला. बुरशी धरलेलं पिंजर त्यांच्या फुप्फुसांना बाधतं.

खाद्य खुराड्यात ठेवत नाही, घरात झाकणाच्या डब्यात ठेवते. दमट मका आणि शेंगपेंडेवर येणाऱ्या बुरशीचं विष बदकांना फार लवकर लागतं. 1960 मध्ये इंग्लंडात टर्की पक्षी हजारोंनी मेले, बदकांची पिल्लंही मेली, तेव्हा शोध लागला तो शेंगपेंडेपाशीच. आमच्याकडं पावसाळ्यात पोत्यातला मका आठवड्यात वास मारायला लागतो. तेवढ्यात संपेल एवढाच आणायचा. रात्री आत खाणंही नाही, पाणीही नाही. खाणं ठेवलं तर पाणी ठेवावं लागतं, आणि पाणी ठेवलं की सकाळी चिखल.

अंडी पहाटे ते साधारण नऊपर्यंत घालतात, त्यामुळे दार उशिरा उघडते, नाहीतर अंडी आवारभर शोधत फिरा. आवाजाची तक्रार असेल तर ती माद्यांबद्दल असते, नराचा आवाज घोगरा आणि बारीक. वास पावसात येतो, थंडीत नाही.

एक गैरसोय राहिलीच. दार रोज संध्याकाळी माणसानंच लावावं लागतं, अंधार पडायच्या आत. बेळगावात मुक्काम पडला तर पलीकडच्या घरातल्या काकांना सांगून जावं लागतं. त्यांची अट एकच, दुसऱ्या दिवशीची अंडी त्यांची.